कावळखिंडीपर्यंत

“बाईसाहेब, पडदे ओढू का?” मी विचारलं.

“बाजूचे ओढा. समोरचा राहू दे, रस्ता दिसायला हवा,” राणीसाहेब म्हणाल्या.

मी दोन्ही बाजूंचे पडदे ओढून घेतले. विजेची ती मोटार म्हणजे चाकांवर ठेवलेली काचेची खोलीच होती. आत मखमलीची बैठक, छताला छोटासा दिवा. वळवायला चाक नव्हतं. त्याऐवजी एक लांब दांडा राणीसाहेबांच्या पुढ्यात आडवा यायचा. तो ढकलला की गाडी एकीकडे वळे, ओढला की दुसरीकडे. डाव्या हाताशी वेगाची मूठ. एवढंच काय ते यंत्र.

शेजारी धाकटे सरकार हैबतराव आपल्या तेलाच्या मोटारीला हँडल मारत होते. हैबतराव म्हणजे राजेसाहेबांचे सख्खे भाऊ, राणीसाहेबांचे दीर; राजेसाहेबांना ते दादासाहेब म्हणत. अंगातला कोट काढून त्यांनी मेकॅनिकच्या हातात दिला होता. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा खोकलं, पुन्हा गप्प. मैदानाच्या कडेला जमलेली माणसं हसायला लागली.

राणीसाहेबांनी काच जराशी खाली केली. “भाऊजी, हात सांभाळा.”

“तुम्ही रस्ता सांभाळा, वहिनीसाहेब,” हैबतराव हसत म्हणाले. “माझी धूळ खायची आहे तुम्हाला.”

शामियान्यात राजेसाहेब उभे राहिले आणि त्यांनी रुमाल हलवला. राणीसाहेबांनी मूठ पुढे केली. आमची गाडी निघाली तेव्हा आवाज असा झालाच नाही. शिवणयंत्र दूरच्या खोलीत चालावं, तेवढीच गुणगुण. मागे हैबतराव अजून हँडल मारतच होते.

करंजगड हे आमचं संस्थान नकाशात शोधावं लागेल एवढं लहान. पण राजेसाहेब हौशी होते. गावात वीज नव्हती तेव्हा त्यांनी राजवाड्यापुरतं इंजिन बसवून घेतलं होतं. आदल्या वर्षी हैबतरावांनी मुंबईहून तेलाची मोटार आणली, आणि चार महिन्यांनी राजेसाहेबांनी राणीसाहेबांसाठी विजेची मागवली. तेव्हा मोठमोठ्या शहरांतही कुठली मोटार टिकणार हे ठरलेलं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत दोघा भावांचा वाद चाले. हैबतराव म्हणत, तेलाची मोटार वाटेल तिथे जाते, डबा बरोबर घेतला की झालं. राजेसाहेब म्हणत, तिला वास येतो, ती धुरकटते, ओरडते, आणि सुरू करायला पैलवान लागतो. विजेची कशी, घरंदाज बाईसारखी.

संस्थानाच्या दवाखान्यासाठी आणि टपालासाठी मोटारी घ्यायच्या होत्या. कुठल्या घ्यायच्या ते शर्यत लावून ठरवू, असं पंगतीतच ठरलं. राजवाड्यापासून मळवडीच्या वडापर्यंत जायचं, वडाला वळसा घालून परत यायचं. विजेची गाडी कोण चालवणार असा प्रश्न आला तेव्हा पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला होता, “मी चालवीन.”

राजेसाहेबांना मौज वाटली. गाडी बंद काचेची, पडद्यांची. गोषाही सांभाळला जात होता. त्यांनी हो म्हटलं.

मी त्यांची मास्तरीण. माझं नाव सगुणा गुप्ते. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. मग पुण्यात शिकले आणि राणीसाहेबांना इंग्रजी शिकवायला इथे आले. त्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान होत्या. मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत. रोज सकाळी वाचन, मग एक तास मोटारीतून फेरफटका. राजवाडा, तळ्याकाठचा बाग, मारुतीचं टेकाड आणि परत. त्या एका तासात त्या जितकं बोलत तितकं दिवसभरात बोलत नसत.

मळवडीच्या अर्ध्या वाटेवर तेलाच्या मोटारीने आम्हाला गाठलं. आधी तिचा आवाज आला, मग भोंगा, मग ती. हैबतरावांनी टोपी हलवली आणि आम्हाला धुळीत टाकून ते पुढे निघून गेले. मी नाकाला पदर लावला. राणीसाहेबांनी वेग वाढवला नाही की कमी केला नाही.

“जिंकले की ते,” मी म्हटलं.

“बघू या.”

पुढच्या वळणावर तेलाची मोटार रस्त्याच्या कडेला उभी होती. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा टायरमध्ये घुसला होता. मेकॅनिक चाक खोलत होता आणि हैबतराव मातीत गुडघे टेकून पंप जोडत होते. आमच्या गाडीची चाकं भरीव रबराची, तिला खिळ्यांचं भय नव्हतं. आम्ही शेजारून गेलो तेव्हा हैबतरावांनी दोन्ही हात जोडून नाटकी नमस्कार केला. मला हसू आलं. राणीसाहेबांनी मान वळवून पाहिलंही नाही.

मळवडीचा वड आला. पाराशी कारभारी निशाण घेऊन उभे होते. गाव गोळा झाला होता. एका म्हाताऱ्याने हलगी वाजवायला सुरुवात केली. कारभाऱ्यांनी निशाणाने वळण दाखवलं.

राणीसाहेबांनी दांडा सरळच धरला.

वड मागे पडला. कारभारी निशाण हलवत काही पावलं धावले, मग थांबले.

“बाईसाहेब, वळायचं राहिलं,” मी म्हटलं.

“राहू दे.”

“शर्यत तर आपण जिंकत होतो.”

“हो ना,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. पहाटे वाचायला बसत तेव्हा असायचा तसा. मला वाटलं, जिंकल्याच्या आनंदात थोडं पुढे जाऊन वळतील. रस्त्याला फाटा आला तिथे त्यांनी डावीकडची वाट घेतली. ती वाट डोंगराकडे जाणारी होती.

“ही कुठली वाट?”

“कावळखिंडीची.”

कावळखिंडीपलीकडे पाणवडे. पाणवडे म्हणजे राणीसाहेबांचं माहेर. मला सगळं एकदम कळलं असं नाही.

त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दोन्ही घरांत सीमेवरच्या जंगलावरून तंटा झाला होता. त्यांचे वडील आबासाहेब ते प्रकरण घेऊन गोऱ्या साहेबाकडे गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तेव्हापासून येणंजाणं बंद. संक्रांतीचं वाण नाही, दिवाळीचा फराळ नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नालाही राणीसाहेबांना पाठवलं नाही. आमच्याकडचे जहागीरदार पाणवड्याचं नाव दरबारात काढत नसत. राणीसाहेबही काढत नसत, निदान माझ्यापुढे.

“माझ्या आईसाहेबांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय,” आता त्या म्हणाल्या. “भांडी विकणारी एक बाई सांगत होती. दारात कोणी आलं की आवाजावरून ओळखतात म्हणे.”

मी त्यांच्याकडे वळले.

“माझा आवाज लग्नानंतर बदलला असेल का हो, मास्तरीणबाई?”

“नसेल.”

“तुम्ही तेव्हा ऐकला नव्हता,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांनी वाकून आपल्या बाजूचा पडदा सरकवला. मग मला म्हणाल्या, “तुमचाही काढा.”

मार्गशीर्षातली सकाळ होती. ज्वारी कमरेच्या वर आली होती. त्या गाडीला आवाज नसल्यामुळे बाहेरचं सगळं आत येत होतं. होल्यांचं घुमणं, मोटेच्या चाकाची करकर, विहिरीवर दोघी बायका कुणाच्यातरी सुनेबद्दल बोलत होत्या ते शब्दसुद्धा. त्यांना आमची गाडी कळलीच नाही. अगदी जवळून गेलो तेव्हा त्या चपापल्या. राणीसाहेबांनी त्यांना हात केला. तोंडावर पदर नसलेली राणी त्या बायकांनी जन्मात पाहिली नसेल. राणी आहे हेही त्यांना कळलं नसेल. एकीने परत हात केला.

“त्यांना काय वाटलं असेल?” राणीसाहेबांनी विचारलं.

“कुणा पाहुण्या बायका जाताहेत.”

“पाहुण्या बायका,” त्या म्हणाल्या. त्यांना ते फार आवडलं. 

मग त्या बोलायला लागल्या. पाणवड्याचं तळं, त्यात मधोमध असलेलं देऊळ, तिथे नावेतून जायचं. भाऊ नाव मुद्दाम हलवायचा. आई काठावरून ओरडायची. हे सगळं त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते, पण माझी नजर पुढच्या फळीवरच्या काट्यावर होती. गाडीत किती वीज उरली ते त्या काट्यावर कळायचं. सपाटीवर ती पंधरा कोस जाई. पाणवडे वीस कोस, आणि मध्ये घाट.

“बाईसाहेब, काटा खाली येतोय.”

“मला दिसतोय.”

“पोचणार नाही आपण.”

“खिंडीपर्यंत पोचलो तरी पुढे उतार आहे,” त्या म्हणाल्या. “उतारावर वीज लागत नाही. गाडी आपली आपण जाईल. मी महिनाभर हाच हिशेब करतेय.”

तेव्हा मला कळलं की शर्यतीत भाग घेण्याची हौस त्यांना कधीच नव्हती.

घाट सुरू झाला. गाडी पहिली दोन वळणं नीट चढली. तिसऱ्या वळणापासून ती दमायला लागली. गुणगुण हळूहळू खोल गेली. राणीसाहेब अंग पुढे झुकवून बसल्या होत्या, जणू त्यामुळे गाडीला मदत होणार होती. मीही तशीच झुकले. एका मेंढपाळाची मेंढरं आमच्या शेजारून चालली होती. थोड्या वेळाने ती पुढे गेली.

“मी उतरू का? वजन कमी होईल,” मी म्हटलं.

“उतर,” त्या म्हणाल्या. घाईत त्यांनी मला अगं-तुगं केलं होतं.

मी उतरले आणि गाडीच्या बाजूने चालू लागले. आणखी थोडी वाट गाडी माझ्या चालीने चढली. मग थांबली. राणीसाहेबांनी मूठ मागे घेतली, पुन्हा पुढे केली. पुन्हा केली. मग दगड शोधून मी मागच्या चाकाला लावला.

खिंड समोर दिसत होती. दोन कातळांमधली आकाशाची फट. हाक मारली असती तर तिथे उभ्या माणसाला ऐकू गेली असती.

राणीसाहेब खाली उतरल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना राजवाड्याबाहेरच्या मातीवर पाय ठेवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पुढच्या काचेवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, “चल, सगुणा.”

आम्ही चालत खिंडीत गेलो. चपला मखमली होत्या, त्या त्यांनी हातात घेतल्या. वर वारा होता. पलीकडे जमीन एकदम खाली गेलेली, आणि दूर, फार दूर, उन्हात चमकणारं तळं. देऊळ तेवढ्या अंतरावरून दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं.

“ते बघ. तळ्याच्या डाव्या अंगाला झाडी आहे ना, तिच्या मागे आमचं घर. तिथे मला कोणी पद्मावतीराजे म्हणत नाही. ते नाव इकडचं. तिथे मी हौसा.”

“हौसा,” मी म्हणून पाहिलं.

त्या माझ्याकडे वळल्या. “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. त्या कातळावर बसल्या. मी शेजारी बसले. मग त्यांनी विचारलं, “सगुणा, तुला कुठे जावंसं वाटतं?”

मला आई नव्हती. भावांच्या घरी माझी जागा कोठीच्या खोलीत होती. मी खरं तेच सांगितलं. “मला इथे बरं वाटतंय.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या तळव्याला दांडा धरून धरून घट्टे पडले होते.

खालच्या वळणावर भोंगा वाजला. तेलाची मोटार घाट चढत होती. तिचा आवाज दोन्ही कातळांवर आपटत वर आला. राणीसाहेब उठल्या आणि पलीकडच्या उताराला लागल्या. भरभर, अनवाणी. मी मागे धावले.

“वहिनीसाहेब,” हैबतरावांची हाक आली. ते गाडी खिंडीत सोडून धावत खाली आले. तोंड काळंनिळं झालेलं, कपड्यांवर तेल. त्यांनी हात लावला नाही, फक्त पुढे जाऊन वाटेत उभे राहिले.

“भाऊजी, तुमच्या गाडीत तेल आहे?” राणीसाहेबांनी विचारलं.

“आहे. दोन डबे.”

“पाणवड्यापर्यंत पुरेल?”

हैबतराव खाली पाहत म्हणाले, “जाऊन येऊन पुरेल.”

“मग न्या मला. आईसाहेबांना बघते आणि परत येते. संध्याकाळपर्यंत येते. तुमच्याच गाडीतून.”

“मळवडीत दादासाहेबांचा घोडेस्वार आला होता. त्यांनी परत आणायला सांगितलंय.”

“मी परत येणारच आहे, भाऊजी.”

“त्यांची परवानगी नाही, वहिनीसाहेब.”

“मग मी चालत जाईन. सरका.”

हैबतराव सरकले नाहीत. ते वाईट नव्हते, हे मी तेव्हाही जाणत होते. ते हळू आवाजात म्हणाले, “जाल. मी अडवणार नाही. पण आज पायी गेलात तर दादासाहेब उद्या तुम्हाला घरात घेणार नाहीत. आणि बाळराजांना ते पाणवड्याला पाठवणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे.”

राणीसाहेबांचा मुलगा, बाळराजे, तेव्हा तीन वर्षांचा होता.

राणीसाहेब उभ्या राहिल्या. वाऱ्याने त्यांचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो त्यांनी सारखा केला नाही. तळ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. शेवटी त्यांनी हातातल्या चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि वर चढायला लागल्या.

खिंडीत हैबतरावांनी आपल्या मोटारीचं दार उघडलं. “बसा. तुमच्या गाडीला दोर लावतो, मागून ओढून नेऊ.”

“ती वळवणार कोण?”

“मेकॅनिक वळवेल.”

“माझी गाडी मी वळवीन,” त्या म्हणाल्या.

“वहिनीसाहेब, सगळी धूळ, सगळा धूर तुमच्या अंगावर येईल.”

“येऊ दे.”

दोघा पुरुषांनी गाडी ढकलून तोंड फिरवलं, दोर बांधला. राणीसाहेब दांडा धरून बसल्या, मी शेजारी. तेलाच्या मोटारीने आम्हाला घरापर्यंत ओढत आणलं. समोर दोर, धूर आणि धूळ; कानात फक्त तिचंच इंजिन. सकाळी ज्या विहिरीवर बायका बोलत होत्या तिथून आम्ही गेलो असणार, पण ती विहीर मला ओळखू आली नाही. मळवडीत गाव पुन्हा रस्त्यावर आला होता. या वेळी कोणी हलगी वाजवली नाही.

वड मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, “पडदे ओढा, मास्तरीणबाई.”

मी पडदे ओढले.

संध्याकाळी राजवाड्याच्या पायऱ्यांवर राजेसाहेब उभे होते. सगळ्यांना वाटत होतं आता काहीतरी होणार. राजेसाहेब खाली उतरले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं पाहिली.

“कुठे थांबली?” त्यांनी भावाला विचारलं.

“कावळखिंडीच्या जरा खाली.”

राजेसाहेबांनी मान डोलावली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, घोड्याची चौकशी करावी तसा. “दुकानदार म्हणाला होता त्याहून जास्तच गेली. मी त्याला चढ धरून विचारलं होतं, खिंड ओलांडेल का म्हणून. तो म्हणाला, नाही ओलांडणार. तेव्हाच घेतली.”

राणीसाहेब गाडीतच होत्या. काच खाली होती.

“चांगली गाडी आहे,” राजेसाहेब त्यांच्याकडे पाहून म्हणाले. “उद्या भरून घ्या. हवी तितकी फिरवा.”

रागाचा एक शब्द नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, एवढंच दासीने सांगितलं. दवाखान्याला आणि टपालाला तेलाच्या मोटारी आल्या. विजेची गाडी धुऊनपुसून भरून दारात उभी राही. राणीसाहेब कधी तरी बसत. तळ्याकाठचा बाग, मारुतीचं टेकाड आणि परत. बोलणं मात्र सरलं होतं. मीच काहीतरी बोलत राही. सगुणा म्हणून त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही, आणि ते नाव मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तसं ऐकूही आलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांना विषमज्वर झाला. दवाखान्याच्या मोटारीतून साताऱ्याचा डॉक्टर आणला. तापात त्या कुणालातरी नाव हलवू नको म्हणून सांगत होत्या. पाणवड्याला निरोप गेला तो सगळं संपल्यावर. आबासाहेब आले, दारातच उभे राहिले, आणि अग्नी दिल्यावर पाणीही न पिता गेले. आईसाहेब आल्या नाहीत. त्यांना आता काहीच दिसत नव्हतं.

मी मुलींची शाळा चालवायला म्हणून गावातच राहिले.

त्यानंतर दीड वर्षाने हैबतरावांनी नवी मोटार आणली. शाळेच्या दारात ती उभी करून त्यांनी मला बाहेर बोलावलं. इंजिन बंद केलं.

“पुढे बसा, मास्तरीणबाई. ते बटण दिसतंय? पायाने दाबा.”

मी दाबलं. बोनेटखाली एक ओळखीची गुणगुण झाली, आणि लगेच इंजिन सुरू झालं. हँडल नाही, पैलवान नाही.

“आत विजेची छोटी मोटर बसवलीय,” हैबतराव म्हणाले. “इंजिन सुरू करण्यापुरती. आता कुणीही बाईमाणूस एकटीने...”

इंजिन चालू होतं. मी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिले.

“विजेच्या गाड्या आता कोणी करणार नाही,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “हीच सगळीकडे चालणार.” मग एकदम विचारलं, “पाणवड्याला जायचं?”

“सरकारांना विचारलंत?”

“नाही.”

मी मुलींना सुट्टी दिली. आम्ही मळवडी ओलांडली, घाट चढलो. कावळखिंडीत त्यांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. मीही थांबा म्हटलं नाही. उतार, मग सपाटी, मग तळं. मधोमध देऊळ होतं. अगदी लहान, पांढरं.

आबासाहेब घरी नव्हते. ओसरीवर आईसाहेब बसल्या होत्या. मोटारीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली होती. हैबतराव पुढे झाले नाहीत, अंगणातच उभे राहिले. मी पायऱ्या चढून आईसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“कोण?”

“मी सगुणा. करंजगडहून. मी त्यांना शिकवायची.”

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. जवळ बसवलं. मग मीच सांगायला लागले. त्या सकाळची शर्यत, मळवडीचा वड, डावीकडची वाट. गाडी घाटात थांबली ते. आम्ही दोघी चालत खिंडीत गेलो ते.

“खिंडीत?” आईसाहेबांनी माझं मनगट धरलं. “माझी हौसा कावळखिंडीत आली होती?”

“हो.”

“कधी?”

“येत्या हिवाळ्यात तीन वर्षं होतील. मार्गशीर्षात.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही.” त्या तोंड खिंडीच्या दिशेला करून बसल्या. इतक्या वर्षांत न पाहताही त्यांना दिशा बरोबर ठाऊक होती. “चालत आली? पायात काय होतं?”

“चपला हातात घेतल्या होत्या.”

“लहानपणीही तसंच करायची. घर दिसलं होतं का तिला?”

“झाडी दिसली. तळं दिसलं. देऊळ मला दिसलं नाही, त्यांना दिसलं.”

आईसाहेब हसल्या. डोळे कोरडेच होते, पण माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. 

“लुगडं कोणतं नेसली होती?”

“अंजिरी,” मी म्हटलं. ते मला पक्कं आठवत होतं.

“अंजिरी. आणि काठ?”

काठ मला आठवेनात. वारा आठवत होता, खाली आलेला पदर आठवत होता, हातावरचे घट्टे आठवत होते. मी खूप आठवून पाहिलं.

“तिला रुंद काठ आवडायचे,” आईसाहेब म्हणाल्या.

“रुंदच होते,” मी म्हटलं.